पडद्यावरच्या टिकल्या

आमच्या बँकेत पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली केली होती. काचेचा दरवाजा, दरवाजाबाहेर चपलांचा ढीग, आत गारेगार हवा. ज्या शाखेत मे महिन्यात दुपारनंतर खातेदारांच्या माठात पाणी नसे, तिथे एका यंत्राला उकडू नये म्हणून ही तजवीज. उद्घाटनाचा नारळ मोठ्या साहेबांनी खोलीच्या बाहेर फोडला, कारण पाणी आत उडालं असतं तर यंत्र बिघडलं असतं. म्हणजे ज्याच्यासाठी मुहूर्त काढला त्यालाच प्रसाद वर्ज्य. मग साहेबांनी येणाऱ्या युगावर भाषण केलं आणि भाषण संपायच्या आत वीज गेली. आमच्या संघटनेचा संगणकाला विरोध होता. विरोधाच्या पत्रकांचं शुद्धलेखन मी तपासत असे. पुढे तीच पत्रकं संगणकावर तयार होऊन यायला लागली आणि माझं काम वाढलं.

एकूण मी थाटामाटाला भुलणारा माणूस नाही, असा माझा स्वतःविषयी बरीच वर्षं समज होता.

घरी संगणक आला तो नव्वदचं दशक संपताना, मुलीच्या शिक्षणाच्या नावाखाली. मेनरोडवरच्या एका दुकानदाराने सुटे भाग जोडून दिला. बायकोने त्याला फुलाफुलांचा अभ्रा शिवला. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूची माळ चढली. मी विरोध केला नाही. आमच्याकडे दसऱ्याला सायकलच्या पंपालाही कुंकू लागतं.

त्याच सुमारास आई-वडील सायखेड्याहून कायमचे आमच्याकडे राहायला आले. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं हे बघणारे. सगळी हयात बांधावरून चालण्यात गेली. मग काचबिंदू निघाला आणि नजर अशी झाली की रंग कळत, आकार कळत, पण बारीक काही दिसत नसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एकटं ठेवू नका. गावच्या घरात दोन खोल्या, मागे नदीचा उतार. म्हणून त्यांना कॉलेज रोडवरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. पाटकऱ्याला दुसऱ्या मजल्यावर ठेवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा फारसं कळलं नाही. ते हॉलपासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून हॉलपर्यंत कालवा तपासल्यासारखे चालत राहायचे.

मुलीने त्यांना संगणकावरचा पत्त्यांचा खेळ शिकवला. पडदा असा लावून दिला की एकेक पत्ता तळहाताएवढा दिसे. लाल-काळं त्यांना कळायचं, पानं ठिपक्यांवरून ओळखता यायची. दादा रमले. अडचण एकच होती. खेळ सुरू करण्यापूर्वी पडद्यावरच्या त्या बारक्या चित्रांतून नेमकं चित्र शोधायचं, आणि ती चित्रं त्यांच्या लेखी सगळी सारखीच. एकदा त्यांनी पत्ते समजून माझा अर्धा लिहिलेला लेख केराच्या टोपलीत टाकला. लेखाचं तसं नुकसान झालं नाही, पण मी चिडचिड केली.

आई तेव्हा नुकतीच अंघोळ करून आली होती. तिची एक सवय होती, बहुतेक बायकांची असते: रात्री कपाळावरची टिकली काढायची आणि आरशावर चिकटवायची, सकाळी साडीला बघून त्यातली एखादी उचलून परत कपाळावर लावायची. आमच्या न्हाणीघरातल्या आरशावर टिकल्यांची वस्तीच होती. माझी चिडचिड ऐकून ती परत आत गेली आणि बोटांवर तीन टिकल्या घेऊन आली.

"कुठंय ते पत्त्याचं?" तिने नातीला विचारलं.

नातीने बोट ठेवलं. आईने पडद्याच्या काचेवर बरोबर तिथे लाल टिकली दाबली.

"आन् गाण्याचं?"

तिथे हिरवी. खाली डाव्या कोपऱ्यात, जिथून यंत्र बंद करायचं, तिथे मोठी मरून.

"आजी, अगं मॉनिटर आहे तो!" मुलगी हसत सुटली.

"काचच हाय ना?" आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

त्या दिवसापासून दादांना संगणक आला. आई शेजारच्या वेताच्या खुर्चीत शेंगा सोलत बसायची आणि मान वर न करता सांगायची, "लाल." दादा बाण लाल टिकलीखाली नेऊन दोनदा टिचकी मारायचे. खेळ झाला की, "आता हिरवी." भजनं लागायची. तिने स्वतः त्या यंत्राला कधी बोट लावलं नाही. आमच्याकडे येणारे काही पाहुणे संगणकाच्या भवितव्यावर बरंच बोलत. त्यांची नजर टिकल्यांवर गेली की त्यांचं बोलणं जरा अडखळायचं. मला त्यात फार आनंद होई.

आई एका उन्हाळ्यात गेली, फार दिवस अंथरुणाला न खिळता. त्यानंतर दादा खेळायचे तेव्हा रंगांची नावं स्वतःच घ्यायचे. आतल्या खोलीत पेपर वाचताना मला ऐकू यायचं. "लाल." मग बराच वेळ शांतता. "हिरवी." मग टाळ.

आईचा चष्मा खिडकीत होता तो तिथेच राहिला. तिची शाल वेताच्या खुर्चीच्या पाठीवर होती, ती तशीच. आरशावरच्या टिकल्याही. बायको एकदा म्हणाली, "खुर्ची मोकळी केली तर कोणाला तरी बसता येईल." मी म्हणालो, "राहू दे."  तेव्हापासून ती आरसा टिकल्यांच्या मधूनमधून पुसायची.

पुढच्या वर्षी दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे आता जुनी आवृत्ती म्हणून बघत होती. एका दुपारी ती संगणकाशी बराच वेळ बसली. कसल्या कसल्या चकत्या घातल्या, काढल्या. मग फडकं ओलं करून आणलं आणि पडदा पुसायला लागली. फडकं लाल टिकलीपाशी पोचलं तेव्हा मी दारात उभा होतो.

"हात लावू नकोस त्यांना!"

माझा आवाज मलाच मोठा वाटला. गॅलरीतली दादांची चाल थांबली.

"बाबा, किती धूळ बसलीये कडेला. मी परत—"

"एकीलाही हात लावायचा नाही. आजीने लावल्यात त्या."

तिने फडकं खाली ठेवलं. जरा वेळाने स्वतःला सावरून तिने आजोबांना हाताला धरून आणलं. "आजोबा, सरप्राइज! सगळं नवीन केलंय. बघा किती मोकळं मोकळं दिसतंय."

मोकळं होतं यात शंका नव्हती. आधी पडदा साध्या मोरपिशी रंगाचा होता आणि त्यावर चित्रांच्या रांगा. आता एक हिरवीगार टेकडी, वर निळं आभाळ, आणि चित्रं सगळी गायब. उजवीकडे खाली फक्त केराची टोपली उरली होती. एवढ्या मोठ्या सुधारणेनंतर शिल्लक काय, तर टोपली. लाल टिकली आभाळात लोंबत होती. तिच्याखाली काहीच नव्हतं. हिरवी टिकली टेकडीच्या गवतावर होती, म्हणजे दादांच्या नजरेला ती नव्हतीच. फक्त मरून तेवढी बरोबर जागेवर होती. यंत्र बंद करण्याची सोय काय ती अबाधित.

दादा पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"कुणाचं रान हाय हे?"

"रान नाही आजोबा, वॉलपेपर आहे."

"पीक कुठं दिसत नाय. एवढी जमीन पडीक ठेवली?" त्यांनी आभाळाखाली बोट फिरवलं. "आन् पाट कुठून काढलाय?"

"आजोबा, खेळ आता इथून उघडायचा. आधी हे हिरवं बटण, मग वर जायचं, मग उजवीकडे सरकायचं, मग त्यातून परत—"

"बरं बरं," दादा म्हणाले. "चांगलं हाय." आणि गॅलरीत गेले.

मुलगी भाऊबीज करून पुण्याला परतली. जाण्यापूर्वी तिने खेळाचं आणि गाण्यांचं चित्र पडद्यावर काढून ठेवलं, पण ती दोन्ही डाव्या कडेला एकाखाली एक. टिकल्या जिथल्या तिथे. दादा एकदा बसले. बाण आभाळात नेला, लाल टिकलीखाली दोनदा टिचकी मारली. काही झालं नाही. परत मारली. मग उठले. त्यानंतर ते संगणकासमोर बसले नाहीत.

घर शांत झालं, पण ती शांतता काही बरी नव्हती. दादांच्या फेऱ्या वाढल्या. हॉल, गॅलरी, हॉल. मला पेपरात लक्ष लागेना. मी उठून उगीच पाणी प्यायचो, खिडकी उघडायचो, बंद करायचो. ते गॅलरीत थांबले की मी कान टवकारायचो आणि चालायला लागले की वैतागायचो. बायको म्हणाली, "दोघं मिळून फरशी झिजवणार आहात."

मग दादांनी कोणालातरी निमाणी बसस्थानकावरच्या गाड्यांची चौकशी करायला सांगितल्याचं कळलं. चांदोरीमार्गे सायखेड्याला सकाळी गाडी कधी सुटते. त्यांची रेक्झिनची बॅग माळ्यावरून खाली आली आणि दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. आत दोन पायजमे, सदरे, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली.

"दादा, तिथे कोण आहे तुमच्याजवळ?"

"घर हाय."

"तुम्हाला पायरी दिसत नाही. मागे नदी आहे."

"नदीला काय झालं? जिथं होती तिथंच हाय. तिथं मला दिसायची गरज नाय." मग बॅग चाचपून, "रविवारी जातो."

मी नाराज होण्याचे सगळे प्रकार करून पाहिले. डॉक्टरांचं नाव घेतलं, ते म्हणाले, डॉक्टरला नमस्कार सांग. बायकोने विचारलं, "दादा, आमचं काही चुकलं का?" त्यावर ते एवढंच म्हणाले, "तुझं नाय गं बाई." त्यातला 'तुझं' हा शब्द मला टोचला, पण मी त्याचा विचार केला नाही. मी ठरवून टाकलं होतं की सगळं त्या नव्या पडद्यामुळे झालं आहे. पडदा पूर्ववत केला की माणूस राहील. बँकेत वर्षानुवर्षं काढल्यामुळे माझी अशी समजूत होती की कोणत्याही अस्वस्थतेमागे एक तांत्रिक अडचण असते.

रविवारी सकाळी दादा टोपी घालून तयार होते. चहा व्हायचा होता. मी संगणक सुरू केला आणि मुलीच्या हॉस्टेलला फोन लावला. तिला झोपेतून उठवून आणायला बराच वेळ गेला.

"पत्त्यांचं चित्र लाल टिकलीखाली न्यायचंय. ओढलं की परत पळून जातं."

"बाबा, राइट क्लिक करा. मोकळ्या जागेवर."

"सगळी मोकळीच जागा आहे. तूच करून ठेवली आहेस."

"कुठेही करा हो! आता 'ऑटो अरेंज'समोर खूण असेल, ती काढा."

खूण काढली. आता चित्र पळत नव्हतं, पण टिकलीच्या शेजारी जाऊन उभं राहत होतं. अर्धं बोट डावीकडे सोडलं तर आपल्या मनाने उजवीकडे सरके. वर न्यावं तर खाली येई. मी ओढत होतो, ते हटत नव्हतं. स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता आणि मागे दादांच्या चपलांचा आवाज.

"तुम्ही पडदा मोठा केलाय का? त्यामुळे पण जागा बदलतात," मुलगी म्हणाली. "बाबा, एक सांगू? टिकलीच सरकवा ना. दोन सेकंदांचं काम आहे."

"ते जमणार नाही."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही. तू दुसरं काहीतरी सांग."

"मग मॉनिटर सरकवा," ती म्हणाली. हे तिने गंभीरपणे म्हटलं की कसं, मला कळलं नाही. मी फोन ठेवला आणि परत माउस धरला.

चपलांचा आवाज थांबला होता. दादा माझ्या पाठीमागे येऊन उभे होते.

"काय करतो?"

"तुमचे पत्ते जागेवर आणतोय. झालंच. पाच मिनिटं थांबा."

"चित्रं कशाला वढतो? टिकली हलव."

मी वळून पाहिलं. "आईने लावलीय ती."

"मंग? तिची टिकली कधी एका जागी राहिली का?" दादा म्हणाले. "कपाळावरून आरशाला, आरशावरून कपाळाला. तुझ्या लग्नात एक गेली ती विहीणबाईंच्या कपाळाला. ती असती तर त्याच दिवशी उचलून हिकडं लावली असती."

 मी म्हणालो, "मग तुम्ही का नाही लावली?"

"तू पोरीवर वरडलास ना. हात लावायचा नाय म्हणून." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "चष्म्याला हात लावायचा नाय. खुर्चीवर बसायचं नाय. शाल हलवायची नाय. मला वाटलं आता ते टिकल्याचं बी देवघर झालं. मी म्हणलं, देवळात माणसानं दर्शन घ्यावं आन् घरी जावं. राहू नये."

स्वयंपाकघराच्या दारात बायको चहाची कपबशी घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ही तिची फार मोठी सौजन्याची पद्धत आहे.

मला साहेबांची काचेची खोली आठवली, बाहेरचा चपलांचा ढीग, खोलीबाहेर फोडलेला नारळ. मी त्यावर इतकी वर्षं लोकांना हसवत आलो होतो.

"घ्या," मी उठून खुर्ची दिली. "तुम्हीच काढा."

दादा बसले. काचेवर बोट फिरवत त्यांनी टिकली शोधली. नजरेने नाही, बोटाने. नखाने कड उचलली. लाल टिकली सुटून त्यांच्या बोटावर आली. मी बोटाने दाखवलं तिथे, पत्त्यांच्या चित्रावर, ती त्यांनी दाबली. हात काढला तशी ती खाली पडली. परत लावली, परत पडली. एवढ्या दिवसांत डिंक वाळून गेला होता.

"गेली हिच्यातली," दादा म्हणाले आणि टिकली माझ्या तळहातावर ठेवली. "धर. तुला ठेवायची तर ठेव."

बायकोने चहा टेबलावर ठेवला. मग स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून दादांच्या बोटावर दिली. "ही घ्या. आजचीच आहे." तीही लाल होती. दादांनी ती चित्रावर दाबली आणि अंगठा बराच वेळ तसाच ठेवला, पाटाचं दार पुरतं बसलं की नाही ते बघावं तसा. टिकली राहिली.

"आता हिरवीचं काय?" मी विचारलं. मला काहीतरी तांत्रिक करायला हवं होतं.

"हिरवी गवतात दिसणार आहे का त्यांना?" बायको आत गेली, टिकल्यांचं पाकीट घेऊन आली, आणि गाण्यांच्या चित्रावर ठसठशीत पिवळी टिकली लावली. जुनी हिरवी तिने नखाने खरवडून काढली. डिंकाचं कडं काचेवर उरलं, ते तिने खोबरेल लावून पुसलं. मग वेताच्या खुर्चीवरची शाल उचलली, घडी केली, माझ्या हातात दिली आणि खुर्चीत बसली. कित्येक महिन्यांत ती खुर्ची पहिल्यांदा करकरली.

मी एका हातात शाल आणि दुसऱ्या तळहातावर ती लाल टिकली घेऊन उभा होतो.

"आता ती काय तिजोरीत ठेवणार?" बायको म्हणाली.

मी न्हाणीघरात गेलो आणि आरशावर लावून बघितली. राहिली नाही. मी ती आरशाखालच्या फळीवर ठेवली. दुपारी हात धुताना पाहिलं तेव्हा ती तिथे नव्हती. पाण्याबरोबर गेली असेल.

मी शाल ठेवून बाहेर आलो तेव्हा दादा त्या पडीक रानासमोर बसले होते. चहा निवत होता. दाराशी बॅग उभी होती आणि निमाणीची गाडी गाठायची तर एव्हाना निघायला हवं होतं.

"लाल," बायको म्हणाली. पत्ते उघडले.

पहिला डाव बसला नाही. दुसराही नाही. नवे पत्ते जरा लबाड आहेत, असं दादांचं मत पडलं. मग सवयीने ते म्हणाले, "हिरवी."

"हिरवी नाही, दादा. आता पिवळी."

"पिवळी," दादा म्हणाले, आणि बाण शोधायला लागले.